महापौरांची शिल्लक

बँकेत अधिकारी असताना मयत खातेदारांच्या वारसांचे अर्ज माझ्या टेबलावर येत. माणूस गेल्यावर मागे काय उरले, हे पाहण्याची सवय मला तेव्हापासून जडली. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया मला थोर वाटतात ते याच हिशेबाने.

जन्म १८८२ चा. वडील इटालियन, आई ज्यू. तरुणपणी दिवसा एलिस बेटावर उतरणाऱ्या परदेशी गोरगरिबांचे दुभाषी, रात्री कायद्याचे विद्यार्थी. १९२१ मध्ये, शहराच्या नगरसेवक मंडळाचे अध्यक्ष असतानाच, त्यांची तान्ही मुलगी गेली. त्याच वर्षी पत्नीला क्षयाने नेले. गरिबांच्या अंधाऱ्या, कोंदट चाळींचा त्यांना मनस्वी संताप होता.

१९३४ मध्ये ते महापौर झाले, तेव्हा शहर मंदीने पिचले होते. टॅमनी हॉलची पुढारी मंडळी वर्षानुवर्षे नोकऱ्या आणि कंत्राटे आपल्याच माणसांत वाटत आली होती. ला ग्वार्डियांनी ती साखळी तोडली. जुगाराची यंत्रे स्वतः घणाने फोडली. १९३५ मध्ये शहराची पहिली सार्वजनिक घरे उभी राहिली. स्वभाव तापट, हाताखालची माणसे चळचळा कापत. पण १९४५ च्या वृत्तपत्र वितरणाच्या संपात रेडिओवरून मुलांना चित्रकथा वाचून दाखवणारेही तेच!

बारा वर्षे एवढ्या अफाट शहराचा कारभार त्यांच्या हाती होता. १९४७ मध्ये ते गेले, तेव्हा मागे उरले एक गहाण घर आणि ८,००० डॉलरचे युद्धरोखे.

याहून स्वच्छ खाते मी पाहिलेले नाही.