बैलगाडा शर्यतीचा वाद ज्या कायद्यावर पेटला, त्यामागे होती एक नृत्यांगना

मुळशी असो की मावळ, गावच्या यात्रेत बैलगाडा आला की भिर्रर्र आलंच. पण बैल पळवणं ही परंपरा की छळ? हा वाद ज्या कायद्यावरून सुप्रीम कोर्टात गेला, त्याचं श्रेय रुक्मिणी देवी अरुंडेल यांना जातं.

जन्म १९०४, मदुराई. १९२० मध्ये त्यांनी ब्रिटिश थिऑसॉफिस्ट जॉर्ज अरुंडेल यांच्याशी लग्न केलं आणि मद्रासमध्ये खळबळ उडाली. पुढे समाज ज्या नाचाला नावं ठेवायचा, तेच भरतनाट्यम शिकून त्या रंगमंचावर उतरल्या. १९३६ मध्ये त्यांनी 'कलाक्षेत्र' उभं केलं.

१९५२ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. तिथं त्यांनी प्राण्यांवरच्या क्रूरतेविरोधात खासगी विधेयक मांडलं. सरकारच कायदा आणेल, असा शब्द नेहरूंनी दिल्यावर ते मागे घेतलं. १९६० मध्ये कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं आणि त्या पहिल्या अध्यक्ष बनल्या. १९७७ मध्ये मोरारजी देसाईंनी राष्ट्रपतीपदासाठी विचारलं, तर चक्क नाही म्हणाल्या. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं.

२०१४ मध्ये याच कायद्याच्या आधारे सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी घातली. गाडामालकांचं म्हणणं होतं, शर्यतच नसेल तर खिलार बैल सांभाळायचा कशासाठी? महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली.

म्हणजे शर्यत सुरू झाली, पण बैलाला चाबूक आणि शॉक द्यायला बंदी आहेच. रुक्मिणी देवींचा कायदा खरा टिकतो की नाही, हे आता कोर्टात नाही, घाटात ठरतं.