उषा मेहता

डॉ. उषा मेहता (२५ मार्च १९२० – ११ ऑगस्ट २०००) या गांधीवादी कार्यकर्त्या, राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका आणि १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या प्रमुख संघटक होत्या.

प्रारंभिक जीवन

त्यांचा जन्म सुरतजवळील सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश राजवटीत न्यायाधीश होते. वयाच्या आठव्या वर्षी, १९२८ मध्ये, उषाताईंनी सायमन आयोगाविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतला. १९३२ मध्ये कुटुंब मुंबईत आले. १९३९ मध्ये त्यांनी विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी मिळवली.

काँग्रेस रेडिओ

ऑगस्ट १९४२ मध्ये राष्ट्रीय नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर निर्बंध आले. तेव्हा उषाताईंनी विठ्ठलदास खकर, चंद्रकांत झवेरी प्रभृती सहकाऱ्यांसह गुप्त नभोवाणी केंद्र उभारले. महायुद्ध सुरू होताच हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द झाले होते. त्यांच्यापैकीच एक असलेल्या नरिमन प्रिंटर यांनी प्रक्षेपक तयार केला. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटर तरंगलांबीवर प्रसारण सुरू झाले. विदर्भातील चिमूर आणि आष्टी येथील अत्याचारांची हकिकत या केंद्राने देशाला ऐकवली. राम मनोहर लोहिया यांचे केंद्रास साहाय्य होते.

तारेचा अँटेना

ही तरंगलांबी म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ वारंवारिता. हौशी रेडिओचा आजचा ४० मीटरचा पट्टा हाच होय. या लहरींसाठी मध्यभागी जोडलेल्या अर्धतरंग डायपोलला सुमारे २० मीटर तार आणि दोन उंच आधार लागतात. उलट्या ‘व्ही’ आकाराच्या अँटेनाला एकच उंच आधार पुरतो. पाव तरंगाच्या उभ्या तारेची लांबी सुमारे १० मीटर असते; मात्र तिला जमिनीशी उत्तम जोडणी अथवा पूरक तारा आवश्यक असतात. कमी उंचीवरील आडवी तार शेकडो किलोमीटरच्या परिसरास उपयुक्त ठरते, तर उभी तार दूरच्या अंतरास. कोणताही अँटेना वापरला तरी त्यातून निघणाऱ्या लहरींवरून प्रक्षेपकाची दिशा शोधता येते. म्हणूनच केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे.

अटक व कारावास

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्रावर छापा घातला. अनेक महिन्यांच्या चौकशीतही उषाताईंनी सहकाऱ्यांविषयी मौन सोडले नाही. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या येरवड्याच्या तुरुंगात होत्या. मार्च १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली.

उत्तरायुष्य

त्यांनी गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि १९८० पर्यंत अध्यापन केले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण प्रदान करण्यात आले. ऑगस्ट क्रांतीच्या स्मृतिदिनानंतर दोनच दिवसांनी मुंबईत त्यांचे निधन झाले.