रविवारची सुटी मिळवून देणारे लोखंडे

पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत यंत्रापुढे उभे राहायचे, जेवायलाही धड उसंत नाही आणि महिना उलटला तरी पगार हाती नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांचे हे जिणे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर असताना जवळून पाहिले. महात्मा फुले यांचे हे सत्यशोधक सहकारी १८८० पासून 'दीनबंधु' चालवू लागले. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने संरक्षण दिले ते फक्त बालकामगारांना. प्रौढ कामगार मालकांच्या मर्जीवरच राहिले. १८८४ मध्ये लोखंडे यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' स्थापन केली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सादर केला. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत वेतन, एवढेच मागणे होते! तरीही मालक सहा वर्षे हलले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे १० हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. अखेर १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. पुढे अवघ्या सात वर्षांनी, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्लेगच्या साथीत लोखंडे यांचे निधन झाले.