संडास साफ करू द्या, म्हणत कोकणातला एक प्राध्यापक तुरुंगात अडून बसला होता

साल 1932. रत्नागिरीच्या तुरुंगात एक सत्याग्रही कैदी अडून बसला होता. त्याची मागणी ऐकून अधिकारीही चक्रावले. त्याला संडास साफ करायचं काम हवं होतं.

तुरुंगाने नकार दिला, कारण कैदी ब्राह्मण होता. तुरुंगाच्या भिंतीआड सगळेच कैदी, पण मैला काढायचं काम ठराविक जातीच्या कैद्यांनाच दिलं जायचं. या कैद्याने मग आपलं अन्न कमी करत नेलं. ही बातमी येरवड्याला गांधीजींपर्यंत पोचली. पुणे कराराला जेमतेम अडीच महिने होत होते. 3 डिसेंबरला गांधीजींनीही त्याच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केलं. एका संडासाच्या कामावरून सरकारची धावपळ झाली, नियमाचा फेरविचार करण्याचं आश्वासन द्यावं लागलं आणि दोनेक दिवसांत गांधीजींचं उपोषण सुटलं.

त्या कैद्याचं नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. कोकण त्यांना अप्पासाहेब पटवर्धन म्हणून ओळखतं. ‘कोकण गांधी’ हीसुद्धा त्यांचीच ओळख.

अप्पासाहेबांचा जन्म 4 नोव्हेंबर 1894 चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. तेव्हाच्या या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग यायचा. कुडाळ मात्र सावंतवाडी संस्थानात होतं. अप्पासाहेब हुशार विद्यार्थी. तत्त्वज्ञान शिकले आणि पुण्यात प्राध्यापकीही केली. आयुष्य आरामात गेलं असतं. पण ते गांधीजींच्या संपर्कात आले, साबरमतीच्या आश्रमात राहिले आणि मग कोकणात परतले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच. 1930 च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहातही ते होते.

पण त्यांचं खरं काम यापुढचं आहे. ते समजून घ्यायचं तर आधी कोकणातलं गाव कसं वसलंय ते बघावं लागतं.

गाव एक, वाड्या अनेक

घाटावर गाव एका जागी दाटीने वसलेलं असतं. कोकणात ते वाड्यावाड्यांत पसरलेलं असतं. बामणवाडी, सुतारवाडी, कुंभारवाडी, तेलीवाडी अशी नावं ऐकली की कोण कुठे राहतं ते कळायचं. महारवाडा आणि चांभारवाडी बहुधा कडेला. विहीर वेगळी. अनेक गावांत स्मशानसुद्धा वेगळं.

मेलेलं जनावर ओढून न्यायचं कुणी, हे ठरलेलं होतं. शहरात मैला उचलायचा कुणी, हेही ठरलेलं होतं. तेव्हा शहरांत टोपलीचे संडास असायचे. घराच्या मागच्या अंगाला बोळ आणि त्या बोळातून सफाई कामगार येणार. पुढच्या दाराने त्याला वाट नव्हती. म्हणजे अस्पृश्यता लोकांच्या मनात होतीच, पण ती घराच्या बांधणीतही चिणलेली होती.

गांधीवाद्यांनी झाडू हातात घेण्यावर बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप होता तो इथेच. सफाईच्या कामाला पवित्र म्हटल्याने ते करणाऱ्याची सुटका होत नाही, उलट तो त्याच कामाला बांधला जातो, अशी त्यांची टीका होती. ही टीका रास्त होती. ब्राह्मणाने चार दिवस मैला उचलला तरी टोपली तिथेच राहते आणि पाचव्या दिवशी ती उचलायला जुनाच माणूस येतो.

अप्पासाहेबांचं वेगळेपण असं, की ते टोपली उचलून थांबले नाहीत. टोपलीच नको, या दिशेने त्यांनी काम केलं.

गोपुरीचा संडास

5 मे 1948 ला कणकवलीजवळ वागदे इथे त्यांनी गोपुरी आश्रम सुरू केला. कुडाळहून मुंबई-गोवा महामार्गाने हे अंतर साधारण 30 किलोमीटर. इथे मेलेल्या जनावरांची कातडी सोडवणं, कमावणं, हाडामांसाचं खत करणं अशी कामं सुरू झाली. ज्या कामासाठी एका जातीला गावाबाहेर ठेवलं होतं, ते काम शिकून घ्यायचा धंदा म्हणून उभं करायचा हा प्रयत्न होता. अप्पासाहेब स्वतः मेलेली जनावरं सोलायचे. त्या काळात ब्राह्मणाने हे करणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

सोबत सुरू झाले संडासाचे प्रयोग. त्यातून आला ‘गोपुरी संडास’. तंत्र अगदी साधं. दोन कप्पे बांधायचे आणि एका वेळी एकच वापरायचा. दर वापरानंतर वरून माती, पालापाचोळा टाकायचा. एक भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद कप्प्यातल्या मैल्याचं काही महिन्यांत सोनखत होतं. त्याला वास नसतो आणि तो शेतकरी स्वतःच्या हाताने काढून शेतात टाकू शकतो.

यात ताजा मैला उचलायला माणूसच लागत नाही. मागचा बोळ लागत नाही. बोळातून येणारी जात लागत नाही. भंगीमुक्ती या नावाने अप्पासाहेबांनी पुढे जे काम केलं, त्याचा पाया हाच होता.

सरकारी पातळीवर हा विचार सावकाश सरकला. मुंबई सरकारने 1949 मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करायला बर्वे समिती नेमली. मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला 1993 मध्ये आणि अधिक कडक कायदा 2013 मध्ये. अप्पासाहेब तोवर हयात नव्हते. 10 मार्च 1971 ला त्यांचं निधन झालं. पुण्याजवळ देहूला स्वच्छता तंत्राचं काम करणारी संस्था त्यांच्या नावाने उभी राहिली.

आज हे कशाला वाचायचं?

कारण टोपली गेली, पण वस्तीची मांडणी राहिली.

सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये झाला. 1998 पासून कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत धावू लागली. महामार्ग रुंद झाला. कुडाळ, कणकवलीसारखी गावं ग्रामपंचायतीतून नगर पंचायतीत गेली. म्हणजे कालच्या वाड्या आज शहराचे प्रभाग झाल्या. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. पाटी एका दिवसात बदलता येते. रस्त्याचं तसं नाही.

कोकणात जमिनी खासगी आणि तुकड्यातुकड्यांच्या. एकेका सातबाऱ्यावर डझनभर नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत. कडेच्या वाडीकडे जाणारी पाणंद रुंद करायची तर वाटेतल्या सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. ती मिळाली नाही तर पायवाट पायवाटच राहते. मग तिथे रुग्णवाहिका जात नाही, अग्निशमनचा बंब जात नाही आणि घंटागाडीही अलीकडेच थांबते.

संडासाचंही तेच. लहान शहरांत भुयारी गटार क्वचितच असतं, घरोघरी सेप्टिक टाक्या असतात. टाकी भरली की उपसायला मैला गाडी लागते. गाडी दारापर्यंत गेली नाही तर शेवटी कुणीतरी माणूस टाकीत उतरतो. कायद्याने हे बंद आहे. पण रस्त्याची रुंदी कायद्याचं ऐकत नाही.

आणखी एक प्रश्न. उपसलेला मैला आणि शहराचा कचरा जाणार कुठे? प्रक्रिया केंद्राला जागा लागते. नगर पंचायतीकडे पैसा कमी, म्हणून जमीन स्वस्त हवी. शिवाय जिथे विरोध कमी होईल अशी हवी. असा शोध घेतला की बोट बऱ्याचदा जुन्या गावकुसाकडेच वळतं. कुणी मुद्दाम जात बघून जागा निवडलेली नसते. स्वस्त जमीन, अरुंद वाट आणि दुबळा आवाज या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आधीच जमा करून ठेवलेल्या असतात.

महाराष्ट्रात 1966 च्या नगररचना कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा तयार होतो. प्रारूप आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात. बहुतेक जण त्यात फक्त आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलंय का ते बघतात. कडेच्या वाडीला किती मीटरचा रस्ता दाखवलाय आणि कचरा प्रकल्पाचा रंग नकाशावर कुठे भरलाय, हेही त्याच कागदावर असतं.

अप्पासाहेबांनी आयुष्यभर याच दोन गोष्टींचा पिच्छा पुरवला. घाण जाते कुठे आणि ती नेतो कोण? आपल्या शहराचा आराखडा लागेल तेव्हा नकाशासमोर उभं राहून हे दोन प्रश्न जरूर विचारा.