नाथांच्या घरचा पंडित

कीर्तन आटोपून आरती झाली, की बुक्का लावून घ्यायला माणसे पुढे येतात आणि त्यातलाच कोणीतरी हळूच एखादा प्रश्न टाकून जातो. मागे एकदा नाथषष्ठीच्या सुमारास एका गावी असाच एक कॉलेजातला मुलगा मागे रेंगाळला. त्याच्या आजोबांनी माळ घातली आणि आपल्याबरोबर सगळ्या घराला घातली. एकादशीला लहान पोरांनाही उपवास, घरात कांदा बंद, आणि जो ऐकणार नाही त्याच्याशी अबोला. मुलाला देवाचा तिटकारा नव्हता, आजोबांचाही नव्हता. धर्म इतका अंगाला लावून घ्यावा काय, आणि घेतलाच तर तो दुसऱ्याच्या अंगाला का चोळावा, एवढेच त्याला विचारायचे होते. मी त्याला नाथमहाराजांचे चरित्र पुन्हा नीट वाचायला सांगितले आणि मोटारीत जाऊन बसलो. वाटेत मनात आले, की ज्या चरित्राकडे बोट दाखवून मोकळा झालो, ते मी तरी आजवर कोणत्या अंगाने सांगत आलो?

तर वाचकहो, कथा तुम्हाला पाठ आहे. तरी पुन्हा ऐका.

एकनाथमहाराजांचा जन्म पैठणास १५३३ च्या सुमाराचा. पणजोबा भानुदास, विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनीच पंढरीस परत आणली, ही संप्रदायाची श्रद्धा. आईबाप लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवले. पैठण म्हणजे धर्मसभेचे गाव. ज्ञानोबा आणि त्यांची भावंडे शुद्धिपत्रासाठी जिथे हात जोडून उभी राहिली, ते हेच. अशा गावी वाढलेल्या मुलाच्या कानावर सोवळेओवळे आणि प्रायश्चित्त हे शब्द पाळण्यातच पडले असणार.

हा मुलगा बारा वर्षांच्या आतबाहेर देवगडास, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे गेला. आता हे स्वामी कोण? मुसलमान राजाच्या चाकरीत असलेले किल्ल्यावरचे अधिकारी, आणि दत्तात्रेयांचे परमभक्त. दोन्ही गोष्टी एकाच देहात सुखाने नांदत होत्या. तिथे एके रात्री हिशेबात एका पैची चूक लागेना म्हणून नाथ दिवा लावून पहाटेपर्यंत वही धुंडाळत बसले, ही कथा लहान मुलेही सांगतात. आम्ही कीर्तनकार तिच्यावर चिकाटीचे निरूपण करतो. मला अलीकडे तिच्यात एक बारीक गोष्ट दिसते. ती पै नाथांच्या स्वतःच्या वहीतली होती. शेजारच्या कारकुनाची वही त्यांनी उघडली नाही.

तिथेच दुसरी कथा घडली. दत्तमहाराज फकिराच्या वेषात आले, जनार्दनस्वामी त्यांच्यासंगे एका पात्रात जेवायला बसले, आणि आपले नाथ बिचकले. होय, नाथच बिचकले! पैठणचा संस्कार आडवा आला. ही कथा सांगताना आम्ही पुढच्या साक्षात्काराकडे धावतो. मला वाटते, पोराचे ते बिचकणे नाथ जन्मभर विसरले नाहीत. पुढे दुसरे कोणी बिचकले, तर त्यांना त्याचा राग आला नाही.

गुरूंच्या आज्ञेने ते पैठणास परतले, गिरिजाबाईंशी लग्न झाले, संसार मांडला. नाथांविषयी एक गैरसमज असा, की ते सगळ्यांशी समभावाने वागत म्हणून आचाराला सैल होते. मुळीच नाही. पहाटेचे गोदास्नान, संध्या, पूजा, भागवताचे वाचन, रात्री कीर्तन, असा घड्याळासारखा दिवस. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, तेव्हा त्यात यापुढे कोणी आपली ओवी घुसडू नये म्हणून किती कठोर शब्दांत बजावून ठेवले आहे! ग्रंथाच्या बाबतीत नाथ एका अक्षराची सूट देत नाहीत. पण गोदेच्या तापल्या वाळवंटात चुकलेले महाराचे पोर रडताना दिसले, की तेच स्नान करून आलेले सोवळ्यातले नाथ त्याला कडेवर उचलून त्याच्या आईकडे पोचवतात. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करतात. श्राद्धाचा स्वयंपाक वासाने थबकलेल्या भुकेल्या महारांना वाढून टाकतात, आणि ब्राह्मण बहिष्कार घालतात तो मुकाट्याने सोसतात. गंगेवरून येताना एक यवन पुन्हा पुन्हा अंगावर थुंकला. त्याला शब्द न बोलता पुन्हा पुन्हा स्नान. राणोबा महारांच्या घरी आमंत्रण आले, जेवायला गेले. बारकाईने पाहा, या सगळ्यांत दुसऱ्याला त्यांनी काही करायला लावले काय? थुंकणाऱ्याला भजन शिकवले नाही. बहिष्कार घालणाऱ्यांच्या दारी जाऊन, तुम्हीही असेच वाढा म्हणून हट्ट धरला नाही. जे करायचे ते आपल्या देहाने केले आणि त्याची किंमतही आपणच दिली.

त्यांचा हिंदू-तुर्क संवाद आपल्यातल्या पुष्कळांनी वाचलेला नसतो. दोघे एकमेकांच्या धर्मावर तुटून पडतात. नाथांनी तुर्काच्या तोंडी घातलेले आक्षेप लेचेपेचे नाहीत. आपल्या पुराणांतल्या देवांवर आणि आपल्या सोवळ्यावर तो चांगले कोरडे ओढतो. आणि शेवटी कोणी कोणाला जिंकत नाही, दोघे गळ्यात गळा घालतात. साडेचारशे वर्षांपूर्वी, मुसलमानी अमलात, धर्मसभेच्या गावात बसून एका ब्राह्मणाने हे लिहिले. भारुडांतही तसेच. वासुदेव, जोशी, गोंधळी, ज्याची त्याची भाषा ज्याच्या त्याच्या तोंडी ठेवून तत्त्व सांगितले. अमुक भाषेत बोलाल तरच देव ऐकेल, असे नाही.

याच भाषेवरून काशीच्या पंडितांनी त्यांना धारेवर धरले होते. भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका प्राकृतात! नाथांना काशीस जावे लागले. १५७३ साली तो ग्रंथ तिथेच पुरा झाला आणि ज्यांनी आक्षेप घेतला त्यांनीच पुढे त्याची मिरवणूक काढली, असे चरित्रकार सांगतात.

आता घरात या.

नाथांना मुलगा एकच, हरिपंडित. बुद्धीने तीक्ष्ण, शास्त्रांत पारंगत. आम्ही कीर्तनात या हरिपंडितांची फार टिंगल करतो. शेंडीला गाठ, नाकाला रुमाल, अशी नक्कल केली की बायका पदर तोंडाला लावून हसतात. मीही चाळीस वर्षे हसवले. परंतु मी स्वतः पाठशाळेत वाढलेला माणूस. अमर आणि कौमुदी यांच्यावर डोळे शिणवल्यावर माणसाला काय वाटते, ते मला ठाऊक आहे. जे इतक्या कष्टाने राखले, ते बाप रोज वाड्यात बसून प्राकृतात उधळतो, कोणाच्याही घरी पान घेतो, आणि गाव कुजबुजते. हरिपंडित दुष्ट नव्हते. त्यांना बापाचा परलोक बिघडेल ही खरीच काळजी वाटली असेल. जुलूम करणारा माणूस नेहमी द्वेषानेच करतो असे कोण म्हणाले? पुष्कळदा तो मायेनेच करतो, म्हणून तर त्याला आवरणे अवघड.

बाप ऐकेना, तेव्हा हरिपंडित बायकामुले घेऊन काशीस निघून गेले. ज्या काशीने बापाला प्राकृतासाठी जाब विचारला होता, तिथेच! काही वर्षांनी नाथ स्वतः तिकडे गेले आणि परत चला म्हणून मुलाची विनवणी केली. मुलाने दोन अटी घातल्या. प्राकृत पुराण सांगायचे नाही, आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

इथे मी थांबतो. पूर्वी थांबत नव्हतो. मुलाचा गर्व उतरवण्यासाठी नाथांनी रचलेली ही लीला होती, असे सांगून पुढे जात होतो. महिपतिबाबांनी भक्तलीलामृत लिहिले ते १७७४ साली, नाथांच्या मागे पावणेदोनशे वर्षांनी; नाथांच्या मनात काय होते हे त्यांना तरी कोण सांगणार? मला आपले साधे वाटते. म्हातारपण आले, एकुलता एक मुलगा परमुलखात, नातवंडे दिसत नाहीत. बापाला मुलगा घरी हवा होता. आणि दुसरे असे, की ज्याने जन्मभर आपले सोवळे कोणावर लादले नाही, त्याने आपला मोकळेपणाही मुलावर लादला नाही. काशीच्या पंडितांना पुरून उरलेला माणूस घरच्या पंडितापुढे गप्प बसला. वाद घालता आला असता, जिंकताही आला असता.

पण याची झळ एकट्या नाथांना लागली नाही, हेही सांगितले पाहिजे. वाड्यात आता हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले. शास्त्रशुद्ध, निर्दोष. पहिल्या दिवसांत गर्दी झाली, मग ओसरली, मग चार माणसे उरली. जी उठून गेली ती कोण असतील? बायका, विणकर, कुणबी, दिवसभर राबून रात्री दोन ओव्या कानांत घेऊन झोपणारी माणसे. त्यांना कोणी हाकलले नाही, दार उघडेच होते. नुसती भाषा बदलली, आणि दार लागले. नाथांनी अट मान्य करताना या माणसांचा विचार केला होता काय? मला या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नाही, आणि नाथांवरच्या भक्तीने मी ते झाकतही नाही.

मग ती बाई आली. पैठणातलीच, एक गरीब विधवा. सहस्र ब्राह्मणांना भोजन घालायचा तिचा संकल्प होता, पण पदरी काही उरले नव्हते. एक ब्रह्मज्ञानी जेवला तरी संकल्प पुरा होतो असे तिला कोणी सांगितले, म्हणून ती नाथांना बोलवायला आली. नाथ अटीने बांधलेले. त्यांनी मुलाकडे बोट दाखवले. हरिपंडितांनी तोड काढली, की तिच्या घरी स्वयंपाक मी माझ्या हाताने करीन. झाले. नाथ जेवले, हरिपंडितांनी पान उचलले, तो खाली दुसरे पान, ते उचलले तो तिसरे, अशी हजार पाने निघाली. इथे मृदंग कडाडतो, टाळ्या पडतात, आणि हरिपंडित बापाच्या पाया पडून प्राकृत पुराण पुन्हा सुरू करायला सांगतात.

हजार पानांवर माझी श्रद्धा आहे. तरी मला वाटते, गोष्ट पानांच्या आधीच घडली. तो पंडित त्या बाईच्या घरात गेला. तिची चूल त्याने पेटवली, तिच्या डब्यातले जे काय पसाभर असेल ते स्वतः निवडले. सोवळ्याच्या रक्षणासाठी गेला, हे खरे, पण गेला. काशीत बसून परान्न निषिद्ध म्हणणे निराळे आणि ज्या बाईचे अन्न निषिद्ध, तिच्या चुलीपुढे बसून धूर खाणे निराळे.

हे मला कसे कळले ते सांगतो, म्हणजे निम्मे ओझे उतरेल. तेव्हा मी तिशी ओलांडली होती. एका खेड्यात सप्ताह होता. माझे सोवळे कडक. पाणी माझ्या शिष्याने शेंदलेले, अन्न ठरल्या घरचे. एक म्हातारी रोज उंबऱ्याशी बसून कीर्तन ऐकायची. सहाव्या दिवशी दुपारी तिने फडक्यात बांधून भाकरी आणि काही कोरड्यास आणले. मी गाठ न सोडता शिष्याच्या हाती परत पाठवले, आणि वर मंडपात चार माणसांदेखत, महाराजांना काय चालते काय नाही याची चौकशी करून यावे, असे मोठ्याने सुनावले. त्या रात्री माझे आख्यान कोणते होते? हेच. हजार पानांचे. रंग फार चढला. उंबऱ्याकडे पाहिले तर जागा मोकळी. काल्यालाही ती आली नाही. पुढे दोनदा त्या गावी गेलो. पहिल्या वेळी विचारण्याचे धैर्य झाले नाही, आणि दुसऱ्या वेळी विचारले तेव्हा ती वारली होती. सोवळे मी अजून पाळतो. पण समोर आलेल्या फडक्याची गाठ मी आता आपल्या हाताने सोडतो. आणि हरिपंडितांची नक्कल मी सोडून दिली.

नाथांनी १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला गोदेत देह ठेवला. तोवर वाड्यातले प्राकृत पुराण पुन्हा भरभरून चालू होते. दासोपंत, जनीजनार्दन अशी मंडळी जोडलेली होती. मुलीचा मुलगा मुक्तेश्वर पुढे मराठीतला थोर कवी झाला, तो सगळा विस्तार इथे नको.

हरिपंडितांचे मात्र एक सांगायचे राहिले. त्यांनी बापाचेच शिष्यत्व पत्करले. नाथ गेल्यावर त्यांच्या पादुका पालखीत घालून आषाढीला पंढरपुरास न्यायची रीत त्यांनी सुरू केली. पैठणहून पंढरपूर म्हणजे दिवसच्या दिवस चालणे. पुढे पालखी, मागे प्राकृतात अभंग म्हणणारी तीच माणसे, जी एकदा वाड्यातून उठून गेली होती. आणि त्यांच्यामध्ये, ज्या गावी मुक्काम पडेल तिथले अन्न घेत, हरिपंडित चालले.