दोन रेघांचा डॉक्टर

कीबोर्डवरची सर्वांत झिजलेली कळ कोणती यावर आमच्या विंगमध्ये रात्रभर वाद चालेल. पण सर्वांत जास्त घोळ घालणारी कळ कोणती, यावर कुणाचं दुमत नसावं. बॅकस्पेसच्या शेजारची, बरोबरच्या चिन्हाची! जावास्क्रिप्टमध्ये ती एकदा दाबली तर एक अर्थ, दोनदा दाबली तर दुसरा, तीनदा दाबली तर तिसरा. हे चिन्ह ज्याने दिलं त्याचं नाव मला आपल्या एकाही टेक्स्टबुकात सापडलं नाही. म्हणून यंदा त्याच्यावरच लिहितो आहे.

नाव रॉबर्ट रेकॉर्ड. जन्म १५१० च्या आसपास, वेल्समधल्या टेनबी या बंदराच्या गावी. शिक्षण ऑक्सफर्डला. १५३१ मध्ये तिथल्या ऑल सोल्स कॉलेजचा तो फेलो झाला आणि १५४५ मध्ये केंब्रिजहून त्याने वैद्यकाची पदवी घेतली. म्हणजे पेशाने डॉक्टर. लघवी पाहून रोग कसा ओळखावा यावरही त्याचं एक पुस्तक आहे. पण जीव सगळा गणितात.

त्या काळी विद्या म्हणजे लॅटिन. ज्याला लॅटिन येत नाही, त्याला गणिताचं दार बंद. रेकॉर्डने ते दार उघडलं. १५४३ मध्ये त्याने अंकगणितावर 'द ग्राउंड ऑफ आर्ट्स' हे पुस्तक सरळ इंग्रजीत लिहिलं, तेही गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. शिष्य शंका विचारतो, चुकतो, आणि गुरू न चिडता समजावतो. (असा व्हायवा आपल्या नशिबी कधी?) हे पुस्तक पुढे दीडशे वर्षं छापलं जात होतं. मराठी विभागात लिहिताना मला या माणसाबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते ती यामुळे.

गणितात हिशेब चोख असतो, दरबारात तसा नसतो. १५४९ मध्ये रेकॉर्ड ब्रिस्टलच्या टांकसाळीचा अधिकारी होता. विल्यम हर्बर्ट नावाच्या बड्या सरदाराने फौजेसाठी टांकसाळीतला पैसा मागितला. राजाचा हुकूम असल्याशिवाय एक नाणं मिळणार नाही, असं रेकॉर्डने बजावलं. हर्बर्टने थेट राजद्रोहाचा आरोप केला आणि रेकॉर्डला साठ दिवस दरबारात अडकवून ठेवलं गेलं. १५५१ मध्ये त्याला आयर्लंडमधल्या वेक्सफर्डच्या चांदीच्या खाणींवर पाठवलं. खाणी तोट्यात गेल्या आणि १५५३ मध्ये काम गुंडाळलं.

तोवर हर्बर्ट पेम्ब्रोकचा अर्ल झाला होता. १५५६ मध्ये रेकॉर्डने त्याच्यावर गैरकारभाराचा आरोप केला. अर्लने उलट बदनामीचा दावा ठोकला, आणि १५५७ च्या सुरुवातीला रेकॉर्डला एक हजार पौंड भरपाईचा हुकूम झाला. त्या काळी ही रक्कम म्हणजे एखाद्या डॉक्टरला आयुष्यातून उठवणारी.

त्याच वर्षी त्याचं 'द व्हेटस्टोन ऑफ विट' आलं. बुद्धीला धार लावायचा दगड! बीजगणितावरचं हे इंग्रजीतलं पहिलं छापील पुस्तक. अमुक हे तमुकाइतकं आहे, असं शब्दांत पुन्हापुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला, म्हणून त्याने सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा काढल्या. त्याचं म्हणणं असं, की यांच्यापेक्षा सारख्या दुसऱ्या दोन वस्तू कुठे असणार? पुस्तकाचा शेवट मात्र चटका लावतो. धडा रंगात आलेला असताना दारावर घाईघाईने थाप पडते, गुरूला उठून जावं लागतं आणि शिकवणं अर्धवट राहतं. १५५८ मध्ये लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगात रेकॉर्ड वारला.

त्याच्या रेघाही लगेच कुणी उचलल्या नाहीत. छापील पुस्तकात त्या पुन्हा दिसायला १६१८ साल उजाडलं. देकार्तने तर १६३७ मध्ये वेगळंच चिन्ह वापरलं. पण अखेर रेकॉर्डच जिंकला.

मग बरोबर चारशे वर्षांनी, १९५७ मध्ये, फोरट्रान आली आणि तिने या चिन्हाला भलत्याच कामाला जुंपलं. उजवीकडची किंमत डावीकडच्या डब्यात भर, असा हुकूम! अल्गॉलवाल्यांनी त्यासाठी अपूर्णविराम जोडून वेगळं चिन्ह केलं, पास्कलनेही तेच घेतलं. पण केन थॉम्पसनच्या बी भाषेत एक चिन्ह भरण्यासाठी आणि दोन चिन्हं तुलनेसाठी ठरली. बी वरून ते सी मध्ये आणि सी च्या वळणावर १९९५ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये आलं.

आता निकालपत्रकाचा प्रोग्राम घ्या. इफच्या कंसात (गुण = ४०) लिहिलं, तर मशीन काही विचारतच नाही. गुणांच्या डब्यात ४० भरतं, शून्य नसलेला आकडा म्हणजे खरं असं धरतं आणि पुढे जातं. सगळा वर्ग ४० वर पास, आणि मूळ गुण गायब! (गुण == ४०) लिहिलं तर ते विचारतं खरं, पण फारच मनमिळाऊपणे. फॉर्ममधून अक्षररूपात आलेल्या ४० ला आकडा बनवून हो म्हणतं. हे सोयीचं वाटेल, पण रिकामा रकानाही त्याला शून्याइतकाच वाटतो. म्हणजे गैरहजर मुलगा आणि भोपळा मिळवलेला मुलगा एकच! आणखी गंमत म्हणजे रिकामी स्ट्रिंग == ०, आणि ० == अक्षरातलं '०'; पण रिकामी स्ट्रिंग आणि अक्षरातलं '०' एकमेकांबरोबर नाहीत. रेकॉर्डच्या शिष्याने इथे नक्की हात वर केला असता. तीन चिन्हांचं === हे १९९९ च्या प्रमाण आवृत्तीत आलं. ते किंमतीबरोबर प्रकारही तपासतं, कुणाचं रूप बदलत नाही. माझ्या मते रेकॉर्डच्या मनातल्या समानतेच्या सर्वांत जवळ तेच आहे.

मला या माणसाच्या आयुष्यातही तोच फरक दिसतो. बड्यांनी सांगितलेली किंमत आपल्या डब्यात मुकाट भरून घेणं वेगळं, आणि दोन्ही बाजू खरंच सारख्या आहेत का, हे विचारणं वेगळं. रेकॉर्डने विचारलं, आणि त्याची किंमत मोजली. मित्रांनो, आपल्याला विचारायला फक्त दोन रेघा जास्तीच्या माराव्या लागतात.