ग्रेस हॉपर : संगणकाला माणसाची भाषा शिकवणाऱ्या प्राध्यापिका



सॉफ्टवेअरचे प्रकार आपली मुलं पाठ करतात. सिस्टीम सॉफ्टवेअर, ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर, युटिलिटी सॉफ्टवेअर. व्याख्या लिहिली, दोन उदाहरणं दिली की गुण मिळाले! पण मुळात इतके प्रकार लागतात कशाला, आणि आपल्या कामाला कोणतं सॉफ्टवेअर योग्य हे ठरवायचं कसं, हे त्या व्याख्येतून कळत नाही. ते समजून घ्यायचं असेल तर एका गणिताच्या प्राध्यापिकेचं आयुष्य पाहू या. त्यांचं नाव ग्रेस हॉपर.

बालपण आणि शिक्षण

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांची असताना ही मुलगी घरातलं गजराचं घड्याळ उघडून बसली. आतलं काम कळेना म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. घरातली सात घड्याळं खोलून झाल्यावर आईच्या लक्षात आलं. आईने घड्याळं काढून घेतली, पण एक तिच्यापाशी राहू दिलं. पालकांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

१९२८ मध्ये त्या व्हासार कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट मिळवली. तोवर व्हासारमध्ये त्यांचं शिकवणं सुरूही झालं होतं. म्हणजे बघा, संगणकाच्या जगात येण्याआधी त्या अनेक वर्षं फळ्यासमोर उभ्या होत्या.

एकावन्न फुटांचं यंत्र

दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा त्यांनी अमेरिकी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त आणि वजन कमी, म्हणून अडचण आली. तरी खास सवलत मिळवून त्या दाखल झाल्याच. १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क वन’ या यंत्रावर पाठवलं गेलं. सुमारे ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच असं ते धूड! त्याला सूचना द्यायच्या म्हणजे कागदी पट्टीवर ठरावीक जागी भोकं पाडायची. एक भोक चुकलं की सगळं उत्तर चुकलं. या यंत्राची ५०० हून अधिक पानांची माहितीपुस्तिकाही मुख्यतः हॉपर यांनीच लिहिली.

इथे मुलांचा एक गोंधळ दूर करता येतो. १९४७ मध्ये पुढच्या ‘मार्क टू’ यंत्रात एक पतंग अडकून मेलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. यावरून ‘बग’ हा शब्द हॉपर यांनी शोधला असं सांगितलं जातं, ते खरं नाही. यंत्रातल्या दोषाला अभियंते तो शब्द आधीपासून वापरत होते, आणि तो पतंगही हॉपर यांना सापडला नव्हता. त्यांनी ती गोष्ट रंगवून सांगितली आणि जगभर पोहोचवली. शिवाय पतंग अडकला तो यंत्राच्या भागात, म्हणजे हार्डवेअरमध्ये. भोकं पाडलेल्या पट्टीवरच्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. फरक समजावायला याहून सोपं उदाहरण नाही.

कंपायलर आला कुठून?

१९४९ मध्ये हॉपर फिलाडेल्फियाच्या एका कंपनीत रुजू झाल्या. तिथे ‘युनिव्हॅक’ हा संगणक तयार होत होता. त्या काळी वर्गमूळ काढण्यासारख्या नेहमीच्या कामांच्या सूचना प्रोग्रामर मंडळी वहीत लिहून ठेवत आणि लागतील तेव्हा एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना चुका ठरलेल्याच. आपण शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको!

हॉपर यांनी विचार केला की उतरवण्याचं आणि जोडण्याचं हे कंटाळवाणं काम यंत्राकडेच का देऊ नये? त्यांनी अशा तयार तुकड्यांना क्रमांक दिले आणि ते चुंबकीय फितीवर साठवले. आता माणसाने फक्त क्रमांक सांगायचा, तुकडा शोधून जोडायचं काम संगणक करणार. १९५२ मध्ये ही ‘ए-झिरो’ पद्धत चालू झाली. हॉपर यांनी तिला कंपायलर म्हटलं. आजच्या अर्थाने तो पूर्ण कंपायलर नव्हता, पण वाट तिथूनच निघाली. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम कसा तयार करणार, असं म्हणत बराच काळ लोकांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

मुलांना हे असं सांगा. पगारपत्रक, निकालपत्रक, पत्र लिहिणं ही माणसाची कामं, ती करतं ते ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर. पण माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये उभं राहून एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळवणारं कुणीतरी लागतंच. कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टीम ही ती मधली मंडळी, म्हणजे सिस्टीम सॉफ्टवेअर. आणि संगणकाची निगा राखतं, म्हणजे व्हायरस शोधतं किंवा फाइलींची जपणूक करतं, ते युटिलिटी सॉफ्टवेअर.

कोणासाठी कोणतं?

यापुढचं हॉपर यांचं पाऊल आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. गणितज्ञाला चिन्हं आवडतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण कारखान्यात साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाने चिन्हं का शिकावीत? त्याचं काम शब्दांत चालतं, तर संगणकानेच शब्द समजून घ्यावेत. यातून ‘फ्लो-मॅटिक’ ही साध्या इंग्रजी शब्दांची भाषा तयार झाली.

त्या सांगत असलेला एक किस्सा मराठी माणसाला विशेष भावेल. वरिष्ठांना प्रयोग दाखवताना त्यांनी इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही तोच प्रोग्राम चालवून दाखवला. यंत्राला काय, कोणताही शब्द हा नुसता खुणांचा गट! पण वरिष्ठ बिथरले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच-जर्मन कळणं त्यांच्या पचनी पडेना. शेवटी फक्त इंग्रजी वापरू असं कबूल केल्यावरच काम पुढे सरकलं. अडचण यंत्राची नव्हती, माणसांच्या मनाची होती.

१९५७ मध्ये आयबीएमची ‘फोरट्रान’ आली, ती वैज्ञानिक गणितासाठी. १९५९ मध्ये व्यापारी कामासाठी सर्वांना चालेल अशी एक भाषा ठरवायला सरकारी खाती आणि कंपन्यांची समिती बसली. तिने ‘कोबोल’ घडवली. ती एकट्या हॉपर यांची निर्मिती नाही. त्या सल्लागार होत्या, पण तिचा मोठा आधार त्यांची फ्लो-मॅटिक होती. डिसेंबर १९६० मध्ये जवळपास एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवला गेला. आजही अनेक बँकांचे व्यवहार कोबोलवर चालतात.

मग फोरट्रान चांगली की कोबोल? असा प्रश्नच चुकीचा आहे. काम कोणाचं आणि कसलं, हे आधी विचारायचं.

उलटं घड्याळ

१९६६ मध्ये नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी परत बोलावलं! जागोजागी कोबोलचे वेगवेगळे अवतार झाले होते, एकीकडचं दुसरीकडे चालेना. सहा महिन्यांसाठी आलेल्या हॉपर अनेक वर्षं राहिल्या. प्रत्येक कंपायलर ठरलेल्या नियमांत बसतो का, हे तपासायच्या चाचण्या त्यांनी तयार करवून घेतल्या. कार्यालयात त्यांनी उलट्या दिशेने फिरणारं घड्याळ लावलं होतं. पूर्वीपासून असंच चालतं, या सबबीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये त्यांना अमेरिकेचं ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मरणोत्तर देण्यात आलं.

आपण काय घ्यायचं?

शाळेसाठी किंवा घरी मुलांसाठी सॉफ्टवेअर निवडताना हे चार प्रश्न विचारा.

१. काम नेमकं कोणतं? गुणांची बेरीज आणि टक्केवारी हवी असेल तर स्प्रेडशीट. पत्र, प्रश्नपत्रिका हवी असेल तर वर्ड प्रोसेसर. वर्ड प्रोसेसरमध्ये तक्ता आखून कॅल्क्युलेटरवर बेरजा करत बसणं म्हणजे कारकुनाला चिन्हं शिकवण्यासारखंच.

२. वापरणाऱ्याची भाषा कोणती? पहिलीच्या मुलाला इंग्रजी सूचनांचं ॲप दिलं तर तो विषय नाही, अंदाज शिकतो. मराठीत मिळत असेल तर आधी ते पाहा.

३. इथली फाइल दुसरीकडे उघडेल का? जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अगम्य अक्षरांचा होतो. म्हणून मराठी टायपिंग युनिकोडमध्येच करावं. कोबोलच्या वेळचा प्रश्न हाच होता.

४. परवडेल का, आणि शिकवणारं कुणी आहे का? लिबरऑफिससारखी मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर शाळेची बरीचशी गरज भागवतात. चोरून घेतलेली प्रत मात्र मुलांसमोर वापरू नये.

आणि वर्गात एक कृती घ्या. मुलांना साधारण ३० सेंटिमीटरचा तारेचा तुकडा दाखवा. प्रकाश एका नॅनोसेकंदात एवढंच अंतर कापतो. हॉपर व्याख्यानात अशाच तारा वाटायच्या. मग घरच्या मोबाइलवरच्या दहा ॲप्सची यादी करायला सांगा. प्रत्येकासमोर प्रकार लिहायचा, आणि त्यापुढे आणखी एक रकाना ठेवायचा : हे घरात कोण वापरतं आणि कशासाठी? तो रकाना रिकामा राहिला, तर ते ॲप ठेवायचं की काढायचं, यावर मुलांनाच बोलू द्या.